अर्ध्या तिकिटाचा मापारी

आमचं गाव ज्यानं वसवलं, त्याला घरी जायची लाज वाटत होती. हे मी म्हणत नाही, पुराण म्हणतं. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीला श्रीकृष्णानं पळवून नेलं तेव्हा तिचा भाऊ रुक्मी रथ जोडून मागं लागला. निघताना तावातावात बोलून बसला, की बहिणीला परत आणल्याशिवाय या नगरात पाय ठेवणार नाही. पुढं व्हायचं तेच झालं. कृष्णानं त्याला हरवलं, आणि वर अर्धवट मिशी भादरून सोडून दिलं. आता तशा तोंडानं घरी कसं जायचं? त्यात शपथ. मग गड्यानं परतीच्या वाटेवरच मुक्काम ठोकला आणि तिथं नवं नगर वसवलं, भोजकट. वाकाटकांच्या ताम्रपटात भोजकट राज्याचं नाव येतं, आणि हे भोजकट म्हणजेच आजची भातकुली, असं जाणकार सांगतात.

मापाऱ्याला ही गोष्ट भारी आवडायची. "पाय मास्तर," तो म्हणे, "आपल्या गावाचा पायाच गाडी चुकलेल्या माणसानं घातला. मंग आपल्याले घरी बसनं कसं जमन?"

मापारी हे त्याचं नाव नव्हे. खरं नाव लिहू का, हे विचारायला मी वहिनींकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, "नका लिहू भाऊजी. अजून कोनी उधारीवाले राह्यले असन तं तेबी येतीन." म्हणून मापारीच म्हणतो. सगळं गाव तेच म्हणायचं. कापूस एकाधिकार खरेदी योजना 1972 साली सुरू झाली आणि हा खरेदी केंद्रावर हंगामी माणूस म्हणून काट्यावर लागला. दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग लागायची ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. त्यानंतर सहा महिने हा मोकळा. मी शाळामास्तर, मला उन्हाळ्याची सुटी. दोन रिकामी माणसं एकत्र आली की एक तर पत्ते खेळतात, नाही तर गावाला जातात. पत्त्यांत मापारी सारखा हरायचा, म्हणून आम्ही गावाला जाऊ लागलो. (जुगार भोजकटाला कधीच मानवला नाही. रुक्मी याच गावात नातीच्या लग्नात बलरामाशी फासे खेळायला बसला आणि लबाडीपायी जीव गमावून बसला. एवढं होऊनही आमच्या पारावरचा डाव काही बंद झाला नाही, ते सोडा.)

मोजायची सवय मापाऱ्याच्या अंगात इतकी मुरली होती, की समोर माणूस दिसला की नमस्काराच्या आधी वजन. "या, बासट किलो." कुणाच्या तरी लग्नात बोहल्यावरच्या नवरीकडे पाहून हा "अठ्ठेचाळीस, शालू वजा करून" असं पुटपुटला. नवरीचा मामा मागंच उभा होता. त्या दिवशी आम्ही मठ्ठ्याच्या आधीच पंगतीतून उठलो. रेल्वे स्टेशनावर पूर्वी वजनाचं यंत्र असायचं, नाणं टाकलं की लाल-पिवळे दिवे फिरायचे आणि पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. सगळे लोक आधी भविष्य वाचत. हा वजन वाचायचा, आणि यंत्राला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "काटा मारला."

आमचा पहिला प्रवास मात्र हा काट्यावर लागायच्याही आधीचा, 1971 च्या पौषातला. ऋणमोचनची यात्रा. पूर्णेच्या काठावरचं हे गाव आज आमच्याच तालुक्यात आहे, पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. तासाच्या भाड्यानं एक सायकल घेतली, तो पुढं पायडल मारतो, मी मागं कॅरियरवर. अर्ध्या वाटेत अदलाबदल करायचं ठरलं होतं. अर्धी वाट कुठं येते हे ठरवायचा मक्ता मात्र त्याच्याकडे होता, आणि ती गाव सोडल्यावर लगेच आली.

आईनं मला यात्रेतून पोळपाट आणायला पाच रुपये दिले होते. यात्रेत पोचताच मापाऱ्यानं ते उसने मागितले. पाच रुपयांत त्या काळी काय काय येई! त्यानं खाल्लं, पाळण्यात बसला, मला बसवलं, उरलेल्या पैशाच्या भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. मग कपडे काढून पूर्णेत एक बुडी मारली, आणि केस झटकत वर येऊन म्हणाला, "झाली बे फिटंफाट."

"कायची?"

"नाव वाच की गावाचं. ऋण-मोचन. बुडी मारली का उधारी खतम. आता पाच रुपये मांगशीन तं तुलेच पाप लागन."

मी त्या वेळी पुढच्याच वर्षी मास्तर व्हायचा होतो, तरी मला यावर उत्तर सुचलं नाही. आईला मात्र सुचलं. पोळपाट नव्हता, लाटणं घरात होतं.

त्या यात्रेतली दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. शेंगा खाताना मी टरफलं इकडंतिकडं टाकत होतो. हा आपली टरफलं सदऱ्याच्या खिशात भरत होता. का रे, म्हटलं. तर म्हणे, "इथं गाडगेबाबानं खराटा मारला. आपन कचरा करावा का?" हे खरं. गाडगेबाबा संन्यासी होऊन निघाले आणि ऋणमोचनच्या यात्रेत झाडझूड करू लागले, यात्रेकरू नदीत उतरताना चिखलात घसरत म्हणून लोकांच्या मदतीनं तिथं घाट बांधून घेतला. मापाऱ्याच्या देवघरात बाबांची तसबीर होती. उधारी बुडवायला त्याला तीर्थ चालायचं, पण त्याच तीर्थावर टरफल टाकायला चालायचं नाही. जन्मभर त्याच्या खिशात टरफलं असायची. वहिनी कपडे भिजवायच्या आधी खिसे उलटे करून अंगणात झटकत. त्यांच्या कोंबड्या गावात सगळ्यांत तब्येतदार होत्या.

वहिनींची गोष्ट आली म्हणून शकुंतला सांगतो.

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून निघणारी आमची अरुंद रुळांची आगगाडी. एक फाटा यवतमाळला जाई, दुसरा अचलपूरला. विलायती कंपनीनं कापूस वाहायला हे रूळ टाकले. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाली, पण हे रूळ कंपनीच्याच नावावर राहिले आणि सरकार त्याचं भाडं मोजत राहिलं. हे कळल्यावर मापारी अस्वस्थ झाला. "म्हंजे आपन भाड्याच्या घरात ऱ्हानाऱ्याच्या घरी भाडं देऊन बसलो," म्हणाला. इंजिन मँचेस्टरचं, 1921 साली घडवलेलं, आणि तेच वाफेचं धूड 1994 पर्यंत गाडी ओढत होतं. मूर्तिजापूर ते अचलपूर पाऊणशे किलोमीटर, वेळ चार तास. म्हणजे वेळापत्रकात चार तास. वेळापत्रक हा मापाऱ्याचा आवडता ग्रंथ होता. रोज रात्री पोथीसारखा एक अध्याय वाचायचा. शकुंतलेचं पान मात्र त्यानं दुमडून ठेवलं होतं. म्हणे, "हे नवस आहे, वेळापत्रक नाई."

तर 1975 च्या उन्हाळ्यात आम्ही पथ्रोटला मुलगी पाहायला निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर, तिथून शकुंतला. बनोसा येईपर्यंत मापाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर कोळशाची नक्षी उमटली होती. अंजनगाव येईपर्यंत नवरदेव कोण आणि फायरमन कोण हे ओळखू येईना. वाटेत गाडी कुठंतरी शेतातच थांबली. मापारी उतरून एका आंब्याखाली गेला, चार कैऱ्या पाडल्या, मालकाशी हुज्जत घातली, त्याच्या कैऱ्यांचं वजन त्याला सांगितलं आणि परत येऊन बसला. त्यानंतर गाडी सुटली.

आता इथं जरा पाण्याचं सांगितलं पाहिजे. भातकुली खारपाण पट्ट्यात येते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. जमीन काळीभोर, खोल, पाहून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटावं. पण विहीर खणली की खारं पाणी. ते शेताला दिलं तर शेत बिघडतं, म्हणून आमच्याकडे पाऊस देईल ते घ्यायचं, कापूस, तूर, मूग, हरभरा. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाव्हण्याला दिलेला चहा तो दुसऱ्यांदा मागत नाही. त्यामुळे गोड्या पाण्याच्या गावातले बाप खारपाणात पोरगी द्यायला तयार नसत. आमच्या गावचे अर्धे उपवर डोळे लावून बसलेले असायचे, आणि त्यांच्या रूपागुणाचा काही दोष नसायचा, दोष विहिरीचा.

पथ्रोट गोड्या पाण्याचं. मुलीच्या वडिलांनी पोह्यांचा घास घेण्याआधीच विचारलं, "पानी कसं हाये तुमच्याकडं?"

मी मास्तरी भाषेत काहीतरी सावरायला जाणार, एवढ्यात मापाऱ्यानं समोरचा तांब्या उचलला, घोटभर प्यायला, तोंड वाकडं केलं, पोह्यांच्या ताटलीतलं चिमूटभर मीठ तांब्यात टाकलं, हलवलं आणि पुन्हा प्यायला. "पानी चांगलं हाये तुमचं," म्हणाला, "फकस्त फिक्कं हाये."

बैठकीत कोणी बोलेना. आत, दाराआड, कोणीतरी फिसकन हसलं.

परतीच्या गाडीत मी त्याला वाट्टेल ते बोललो. तो शांतपणे कैरी खात होता. आठ दिवसांनी पथ्रोटहून होकार आला. वडिलांचा नव्हता, मुलीचा होता, वडिलांना फक्त कळवायचं काम होतं. पुढं पुष्कळ वर्षांनी मी वहिनींना विचारलं, की तुम्ही त्या येड्यात पाहिलं काय? त्या भाकर थापता थापता म्हणाल्या, "मले वाटलं, जो मानूस पान्यात मीठ घालून पेते, तो भाजीत मीठ जास्त झालं म्हनून तं कधी बोलनार नाई." आणि खरंच तो कधी बोलला नाही. त्यांच्याकडं जेवल्यावर मी घरी येऊन दोन तांबे पाणी पीत असे.

शकुंतलेत आम्ही पुढंही खूप बसलो. नंतरनंतर तर गाडीतली माणसंच स्टेशनमास्तर, तीच फाटकवाली. रस्ता आला की गाडी उभी राहायची, एकजण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडं गेली की फाटक उघडून पळत येऊन चढायचा. तिकिटं गार्ड फाडायचा. मापाऱ्यानं एकदा स्वतः उतरून फाटक लावून दिलं आणि त्याबद्दल तिकिटात सूट मागितली. गार्ड म्हणाला, सूट नाही, पण तुमची हरकत नसेल तर पुढचंही लावा. त्यानं लावलं. आता ते रूळ गवतात आहेत.

बहिरमची यात्रा ही वेगळी भानगड. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याहून बैतूलला जाणाऱ्या रस्त्यावर बहिरमबुवाचं ठाणं आहे, शेंदूर आणि लोण्यानं लिंपलेली भली मोठी मूर्ती. यात्रा 20 डिसेंबरला सुरू होते आणि महिनाभर, कधी त्याहून जास्त चालते. देव टेकडीवर, आणि खाली राहुट्याराहुट्यांतून मातीच्या हंड्यांत रटरटणारं मटण, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी. देवाला किती जातात आणि हंडीला किती, हे मोजायचं काम मापाऱ्यालाही जमलं नसतं.

अडचण अशी, की मापारी माळकरी. दुसरी अडचण, गाडगेबाबांनी ज्या यात्रांमधून देवापुढं कोंबडी-बकरी मारू नका म्हणून घसा कोरडा केला त्यांत बहिरमही होतंच. आणि तिसरी, बाबांनी देह ठेवला तोही 20 डिसेंबरलाच, 1956 साली, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, अमरावतीला नेत असताना. आणि अमरावतीहून बहिरमला जायची वाट जाते नेमकी वलगाववरून.

पण मापारी व्यवहारी माणूस. हंगामातल्या एखाद्या रविवारी आम्ही निघायचो. वलगावला उतरायचं, बाबांना नमस्कार करायचा, समाधानानं पुढच्या बसची वाट पाहायची, आणि बहिरमला जाऊन बाबांनी नको म्हटलं होतं त्याच्या वासात बसायचं. राहुटीपाशी आलं की तो गळ्यातली तुळशीची माळ काढायचा आणि माझ्या गळ्यात घालायचा. "तू नास्तिक. तुले सगळं चालते."

"अरे, मग मी माळ घालून मटण खातो की!"

"ते तुहं पाप. माह्यं नाई."

अशी पंचवीस-तीस वर्षं मी भर यात्रेत माळकऱ्याच्या वेशात हंडी खाल्ली. एकदा आमच्या शाळेच्या कमिटीतले एक बुजुर्ग समोरच्या राहुटीत होते. त्यांनी माझ्या माळेकडं पाहिलं, मी त्यांच्या ताटाकडं पाहिलं. पुढं आम्ही एकमेकांना कायम अदबीनं वागवत आलो.

लांबचे प्रवासही झाले, पण त्यांचं विशेष नाही. अकोल्याहून खांडव्याला मीटरगेजनं गेलो, ओंकारेश्वर करायला. मेळघाटात धूळघाटापाशी तो लोहमार्ग तेव्हा स्वतःभोवती वळसा घालायचा, मघाचे रूळ खाली दिसायचे. मापारी खिडकीतून पाहून एकदम उठला आणि पिशवी उचलली. "चाल बे, गाडी परत भातकुलीले चालली." डब्यातल्या एका बाईनं खरंच सामान आवरायला घेतलं. पुण्यात मुलाकडं गेला तर पाच लिटरचा कॅन भरून गावच्या विहिरीचं पाणी घेऊन गेला. चार दिवसांनी ते संपलं आणि पाचव्या दिवशी हा परत आला. वर्षभरानं सुनेनं फोनवर विचारलं, "बाबा कधी येताय?" तर म्हणाला, "कॅन लहान पडते पोरी."

उलट बाहेरगावचे लोक आमच्याकडे येतात. भातकुलीत आदिनाथांचं जैन मंदिर आहे, काळ्या पाषाणातली फार जुनी मूर्ती, दूरदूरचे यात्रेकरू दर्शनाला येतात. मापारी देवळाबाहेर थांबून त्यांना गाठायचा. देवाविषयी नाही विचारायचा. कोणत्या गाडीनं आले, कुठं बदलली, किती लेट होती. आणि रात्री वेळापत्रक काढून त्यांच्या मार्गानं जाऊन यायचा, अंथरुणातल्या अंथरुणात.

मापाऱ्याची साठी उलटली तोवर शहानूर धरणाचं पाणी नळानं खारपाणात फिरू लागलं होतं. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. मापाऱ्यानं टाकला नाही. आमच्या पट्ट्यात मूत्रपिंडाचे आजार जास्त, आणि लोक त्याचा दोष खाऱ्या पाण्याला देतात, हे त्याला पन्नास वेळा सांगून झालं होतं. तो विहिरीचंच पाणी शेंदून पीत राहिला. डॉक्टरनं रक्तदाब पाहून बजावलं, मीठ बंद करा. हा म्हणाला, "मंग गावच बंद करा लागते."

मग 2022 मध्ये डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार, भातकुली ते अमरावती, अर्ध्यापाऊण तासाचा रस्ता. आणि माझी खात्री आहे, की आयुष्यात इतका नियमित प्रवास त्यानं कधीच केला नव्हता. तो पहिल्या दिवसापासून याला उपचार म्हणालाच नाही. "चाल, फिराले जाऊ." फक्त माणूस बदलत गेला. पाय सुजायचे, बसच्या पायरीवर मी खालून ढकलायचो, कंडक्टर वरून ओढायचा. "पंधरा किलोचा हात हाये कंडक्टरचा," तो धापा टाकत सांगायचा.

तिथं पलंगावर घेण्याआधी वजन करतात आणि झाल्यावर पुन्हा करतात. अंगात पाणी किती साठलं आणि किती काढलं, ते पाहायला. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मापारी इतका खूश झाला, की मला लाज वाटली. कापसाच्या काट्यावर आयुष्य गेलेलं. कापूस ओला असला की ओलीपायी वजनात कट्टी होते, त्यावरून शेतकऱ्यांशी झालेली भांडणं त्याला तोंडपाठ. आता तोच काट्यावर उभा. चार तासांनी उतरला, पुन्हा मोजलं, नर्सबाईनं आकडा वाचला. हा म्हणाला, "दोन किलो ओल कटली. ताई, भाव कोनता लावता?" त्या ताई वऱ्हाडातल्याच होत्या. म्हणाल्या, "फरतड हाये काका, भाव कमीच लागन." फरतड म्हणजे हंगाम संपल्यावर शेवटी शेवटी वेचलेला कापूस. हा दोन दिवस हसत होता.

पाणी मात्र मोजून आलं. दिवसाचं एक लिटर, आणि तेही नळाचं. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या गोड्या पाण्याला नावं ठेवली, तो आता वहिनींनी खूण करून दिलेल्या बाटलीकडं पाहत बसायचा. दुपारपर्यंत पुरवायचं, मग संध्याकाळपर्यंत. मी समोर पाणी प्यायचं टाळायचो. तो म्हणे, "पे बे. मी मोजतो."

तिकिटाचं सांगायचं राहिलं. पासष्टच्या पुढं एस.टी.त अर्धं तिकीट. आम्ही दोघेही अर्धे. मार्च 2023 पासून बायांनाही अर्धं झालं, तेव्हा वहिनींना घेऊन बसलेला मापारी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ते अर्धी, मी अर्धा. दोघं मिळून एक तिकीट. अठ्ठेचाळीस वर्सं लागले बे हा हिशेब जुळाले." वहिनींनी खिडकीबाहेर पाहिलं, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

डायलिसिसच्या रुग्णाला एस.टी. मोफत असते, कागद जोडले की झालं. मी कागद आणून दिले. त्यानं ते वेळापत्रकात घालून ठेवले. "बिमार म्हनून फुकट नाई बसनार. पंच्याहत्तरी झाली का तसंबी फुकट हाये. तवा बसू, मानानं." पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून सगळीकडे फुकट, मुंबई म्हणा, कोल्हापूर म्हणा. त्याचा बेत तयार होता. आधार कार्डावरच्या वाढदिवसाला पहाटेच्या गाडीत बसायचं आणि महाराष्ट्र संपेपर्यंत उतरायचं नाही. मी अजून दोन वर्षांनी लहान, माझं अर्धं लागणार, तर म्हणाला, "तुहं मी भरीन." डायलिसिस कुठं करशील, असं मी विचारलं नाही. तोही बोलला नाही. वेळापत्रकात मात्र प्रत्येक मुक्कामाला मंगळवार-शुक्रवारच्या खुणा केलेल्या मी पाहिल्या होत्या.

त्या शुक्रवारी माझ्याकडं पाचशेची नोट होती. कंडक्टर सुटे नाहीत म्हणाला. मापाऱ्यानं बंडीच्या खिशातून टरफलं बाजूला करून तीस रुपये काढले, दोन अर्धी. "तुहे पंधरा," तो म्हणाला. "मंगयवारी देजो."

सोमवारच्या रात्री गेला. पंचाहत्तरीला तीन महिने कमी होते. एस.टी. महामंडळ किती मोठ्या नुकसानातून वाचलं, याची त्यांना अजून कल्पना नसावी.

खांदा द्यायला खरेदी केंद्रावरचे जुने हमाल आले होते, तेही आता साठीपार. चार पावलं गेल्यावर एकजण न राहवून म्हणाला, "पन्नासच्या आतच हाये."

"चौपन्न," मी म्हणालो. "शुक्रवारी मोजलं होतं."

"ओल धरून?"

"ओल काढून."

"मंग बराबर हाये," तो म्हणाला, आणि खांदा बदलला.

या पौषात त्याचा नातू पुण्याहून आला होता. त्याला ऋणमोचन पाहायचं होतं, आजोबा फोनवर सांगायचे म्हणून. त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो, अर्ध्या वाटेत कोणी उतर म्हणालं नाही. घाटावर गर्दी होती. पोरानं शेंगा घेतल्या, कपडे काढले आणि थंडीनं शहारत पूर्णेत उतरला. कमरेएवढ्या पाण्यातून मला हाक मारू लागला, "आजोबा, या ना! इथं बुडी मारली की सगळी उधारी फिटते म्हणे!"

मी चपला काढल्या नाहीत. पायरीवरच बसून शेंगा सोलत राहिलो. टरफलं खिशात टाकायला गेलो तर आत सुटे पंधरा रुपये हाताला लागले. ते वरच्या खिशात ठेवले आणि टरफलं खालच्या.